‘शॅटर्ड ग्लास’ : डेस्कवरून पाहिलेला एक चित्रपट

पत्रकारितेचा अभ्यासक्रम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. वृत्तपत्रसृष्टीतील एखाद्या गैरप्रकारावरचा, फारसा कोणी न पाहिलेला, पण नव्या बातमीदाराने पाहिलाच पाहिजे असा चित्रपट कोणता, हा पहिला. दुसरा असा की, अथपासून इतिपर्यंत खोटी असलेली बातमी इतक्या संपादकांच्या हातांखालून जाऊन छापली तरी कशी जाते, आणि मराठी वृत्तपत्रांत असे घडू शकते का. मी पुण्यातील एका दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यातील निम्मी वर्षे मुख्य उपसंपादक म्हणून काढली आणि आता संध्याकाळी मुलांना संपादन शिकवतो. तेव्हा उत्तर डेस्कवरच्या माणसाचे आहे, चित्रपट समीक्षकाचे नव्हे, हे गृहीत धरावे.

चित्रपटाचे नाव ‘शॅटर्ड ग्लास’. तो २००३ साली प्रदर्शित झाला. लेखक-दिग्दर्शक बिली रे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. सुमारे ६० लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम २२ लाख डॉलरचा धंदा केला, यावरून तो किती लोकांनी पाहिला असेल याची कल्पना यावी. पत्रकारितेवरचे म्हणून जे चित्रपट आपल्याकडे वर्गावर्गांतून दाखवले जातात, त्यांत बातमीदार सत्तेच्या मागे लागतो आणि शेवटी जिंकतो. इथे बातमीदारच गुन्हेगार आहे, त्याने कोणाचा पैसा लुबाडलेला नाही, कोणाचा खून केलेला नाही आणि पडद्यावर बहुतेक वेळ माणसे टेबलाशी बसून कागद चाळतात किंवा फोनवर बोलतात. असा चित्रपट चालला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. मात्र ज्यांना या धंद्यात पोट भरायचे आहे त्यांनीही तो पाहू नये, हे मला खटकते.

घटना खरी आहे. त्या काळी वॉशिंग्टनहून निघणारे ‘द न्यू रिपब्लिक’ हे १९१४ साली सुरू झालेले राजकीय साप्ताहिक. खप फार मोठा नसला तरी सत्तावर्तुळात वजन असलेले. तिथे स्टीफन ग्लास नावाचा पंचविशीचा तरुण काम करीत होता. आपल्याकडे ‘बातमी रंगवणे’ म्हणतात त्या कलेत तो इतका तरबेज होता की, आठवड्याच्या बैठकीत तो आपला विषय सांगू लागला की बाकीच्यांना आपापल्या वह्या मिटाव्याशा वाटत. मे १९९८ मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. इयन रेस्टिल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘जुक्ट मायक्रॉनिक्स’ या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकांत घुसखोरी केली आणि कंपनीने पोलिसांकडे जाण्याऐवजी त्यालाच नोकरी देऊ केली, असा तो किस्सा होता. कंपनीचे अधिकारी त्याच्यासमोर हात जोडून बसले आहेत आणि तो पोरगा मोटार, डिस्नेची सहल आणि जुनी कॉमिक्स मागतो आहे, असे चित्र लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात रंगवले होते. मुलगा नव्हता, कंपनी नव्हती, हॅकरांचे अधिवेशन झाले नव्हते आणि ज्या कायद्याचा लेखात उल्लेख होता तो कायदाही अस्तित्वात नव्हता.

हे उघडकीला आणले ते ‘फोर्ब्स’च्या त्या वेळी नव्याने सुरू झालेल्या ऑनलाइन विभागातील ॲडम पेनेनबर्ग या बातमीदाराने, आणि तेही त्याला संशय आला म्हणून नव्हे. इतकी मोठी बातमी आपल्या हातून निसटली कशी, अशी त्याच्या वरिष्ठाने त्याची कानउघाडणी केली, तेव्हा तो निमूटपणे त्याच बातमीचा पुढचा भाग करायला बसला आणि पाहतो तो काय, कंपनी कुठेच सापडेना. कॅलिफोर्नियाच्या करखात्याच्या दफ्तरी तिची नोंद नव्हती. दुसऱ्याची बातमी पुन्हा पहिल्यापासून करायला घेणे हा आपल्या धंद्यात कमीपणा मानला जातो. बातम्यांची खरी तपासणी होते ती मात्र नेमकी त्याच वेळी. चित्रपटातील एक प्रसंग मी वर्गात थांबवून दाखवतो. पेनेनबर्ग आणि त्याची सहकारी यांच्या हातात त्या बड्या कंपनीचा म्हणून एक दूरध्वनी क्रमांक येतो. दोघे शेजारी बसून एकाच वेळी तो फिरवतात. एकाला ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो आणि दुसरीला लाइन व्यस्त लागते. एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी, आणि तिला टेलिफोनची लाइन एकच. याला ना मोठे तंत्रज्ञान लागले, ना कोणी गुप्त सूत्र. पुण्यातील कोणत्याही तालुका वार्ताहराला पाच मिनिटांत करता आली असती अशी ही तपासणी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण चित्रपटाचे खरे मोल तिथे आहे. अनेकांचा समज असा की, असल्या बातम्या सुटतात त्या तपासणीची व्यवस्थाच नसते म्हणून. ‘न्यू रिपब्लिक’मध्ये तशी व्यवस्था होती, आणि ती आपल्या कोणत्याही मराठी दैनिकाला स्वप्नातही परवडणार नाही इतकी कडक होती. लेख संपादकाकडे जाई, मग दुसऱ्या संपादकाकडे, मग तथ्य तपासनीसाकडे, मग कायदेशीर नजरेखालून, मग पुन्हा संपादकाकडे. चित्रपटात ग्लास स्वतःच ही साखळी एका शाळेतील मुलांना अभिमानाने समजावून सांगतो आणि त्याच ओघात हळूच सांगतो की, या सगळ्यात एक मोठे भोक आहे: काही लेख असे असतात की त्यांचा पुरावा म्हणजे बातमीदाराने स्वतः केलेली टिपणेच.

या एका वाक्यावर तास दोन तास बोलता येईल. तपासनीस विचारतो, ‘हा मुलगा असे म्हणाला, हे कशावरून?’ बातमीदार वही काढून दाखवतो. वहीत तारीख असते, वेळ असते, घाईघाईने खरडलेले शब्द असतात, कडेला त्या मुलाच्या खोलीचा नकाशासुद्धा असतो. तपासनीस समाधानाने खूण करतो. प्रत्यक्षात त्याने काय तपासले? बातमीदाराचे म्हणणे बातमीदाराच्याच हस्ताक्षराशी ताडून पाहिले. दिवाणी न्यायालयात वादीने स्वतःच लिहिलेली पावती वादीच्याच बाजूने पुरावा म्हणून कोणी मान्य करील का? ग्लास स्वतः काही काळ याच तपासणी विभागात होता, त्यामुळे कुठल्या प्रकारचा कागद पाहिला की तपासनीस पुढे सरकतो हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने वह्या तयार केल्या, व्हिजिटिंग कार्डे तयार केली, कंपनीचे संकेतस्थळ तयार केले आणि कंपनीचा अधिकारी म्हणून फोनवर बोलायला स्वतःच्या भावाला बसवले.

चित्रपटात एक छोटे वाक्य आहे, ते तिथल्या स्वागतिकेच्या तोंडी आहे. साप्ताहिकात छायाचित्रे छापत नसत, आणि ती म्हणते की, लेखांसोबत छायाचित्रे असती तर हे सगळे टळले असते. वरच्या सगळ्या संपादकांना जे सुचले नाही ते दाराशी बसलेल्या बाईला सुचले. अर्थात आज छायाचित्रही घरबसल्या तयार करता येते, तेव्हा हे औषध आता पूर्वीइतके गुणकारी राहिलेले नाही.

दिग्दर्शकाने एक करामत केली आहे. तिच्याविषयी आधी सांगितले तर गंमत जाते, पण विद्यार्थिनीने विचारलेच आहे म्हणून सांगतो. ज्यांना चित्रपट कोरा पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ग्लासने सांगितलेले प्रसंग आपल्याला पडद्यावर घडताना दिसतात. तो गुबगुबीत मुलगा, ते केविलवाणे अधिकारी, ते टाळ्या पिटणारे हॅकर. डोळ्यांनी पाहिले की आपण विश्वास ठेवतो, आणि हे खोटे आहे असे पुढे कळते तेव्हा आपली अवस्था त्याच्या सहकाऱ्यांसारखी होते. त्यावर कडी म्हणजे, ज्या शाळेच्या वर्गात तो सुरुवातीपासून मुलांशी बोलत असतो, तो वर्गच शेवटी रिकामा निघतो. म्हणजे आपल्याला ही सगळी गोष्ट सांगणारा निवेदकही तोच, आणि आपणही दीड तास त्याच्या वहीवर विसंबून राहिलेलो असतो. माध्यमांतील खोटेपणावर अनेक चित्रपट निघाले, पण प्रेक्षकाला तपासनीसाच्या खुर्चीत बसवून त्याच्याकडून तीच चूक करवून घेणारा दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. चित्रपट पाहून बहुतेक मुले ग्लासविषयी बोलतात: तो असे का करीत होता, त्याला कोणता मानसिक आजार होता का, त्याच्यावर घरच्यांचा दबाव होता का. मला त्यात फारसा रस नाही, आणि बिली रे यांनाही नसावा, कारण त्यांनी त्याचे कारण कुठेच सांगितलेले नाही. माझ्या मते हा चित्रपट दोन संपादकांचा आहे. त्यांच्यामुळेच कळते की बनावट बातमी तपासणीतील भोकातून सुटते हे अर्धेच खरे. ती भोकापर्यंत पोहोचते ती माणसाच्या आवडतेपणावर स्वार होऊन.

पहिले संपादक मायकेल केली. ते आपल्या माणसांसाठी मालकाशी भांडणारे होते. अंकातील स्वल्पविराम चुकले म्हणून मालक सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक स्वल्पविरामाभोवती गोल करायला बसवतो, तेव्हा केली मालकाला फोन करून खडसावतात. असा संपादक कोणाला आवडणार नाही? त्यांच्या काळात ग्लासने रिपब्लिकन पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांच्या एका हॉटेलातील धिंगाण्यावर लेख लिहिला, आणि त्या लोकांकडून तक्रार आली की, लेखात खोलीतील मिनीबारमधल्या दारूच्या बाटल्या आहेत, पण त्या हॉटेलच्या खोल्यांत मिनीबारच नाहीत. केली हॉटेलला स्वतः फोन लावतात, भाड्याने छोटा फ्रिज मिळतो असे त्यांना कळते, ग्लास डोळ्यांत पाणी आणून चूक कबूल करतो, राजीनामा देऊ करतो आणि केली त्याला समजावून परत पाठवतात. केलींनी तपास केला नाही असे नाही. त्यांनी फ्रिजचा तपास केला. फ्रिज जिथे ठेवला असेल त्या खोलीचा, आणि त्या खोलीतील माणसांचा, तपास त्यांच्याकडून राहून गेला. इतकी वर्षे लोकांच्या तक्रारी वाचून मला एवढे कळले आहे की, वाचक तक्रार करतो ती त्याला ठाऊक असलेल्या लहानशा गोष्टीची. मोठी चूक त्याला दिसलेली नसते, तिचे फक्त टोक त्याच्या पायाला लागलेले असते.

दुसरे संपादक चार्ल्स लेन. केलींना मालकाने काढल्यावर १९९७ मध्ये लेन आले. कचेरीत त्यांना कोणी विचारीत नसे, विनोद त्यांना जमत नसत, आणि पीटर सार्सगार्डने हा माणूस असा उभा केला आहे की, पहिला अर्धा तास तोच आपल्याला खलनायक वाटतो. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, ते योग्यच झाले. ग्लास मात्र सर्वांचा लाडका. कोणाची लिपस्टिक कोणत्या रंगाची आहे हे त्याच्या लक्षात राहते, तो सर्वांचे लेख वाचून सुधारणा सुचवतो, आणि कोणी जरा आवाज चढवला की लगेच विचारतो, माझ्यावर रागावला आहात का? हा प्रश्न चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो. तो प्रश्न विचारणाऱ्याकडे वही मागायची कशी, असा संकोच समोरच्याला वाटतो आणि तेवढ्याने त्याचे काम होते.

लेन शेवटी काय करतात, तर त्याला मोटारीत घालून वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे नेतात, जिथे हॅकरांचे अधिवेशन झाले असे त्याने लिहिले होते. कुठे बसला होतास? टेबल कुठे होते? माणसे किती होती? त्या इमारतीच्या लॉबीत एवढी माणसे मावणार नाहीत हे दिसतच असते. तिथला माणूस सांगतो की, रविवारी इमारत बंद असते, आणि लेखातील अधिवेशन रविवारचे आहे. नंतर सगळे जिथे जेवायला गेले ते उपाहारगृह दुपारी तीनला बंद होते. प्रत्येक उत्तरासरशी ग्लास गोष्ट थोडी थोडी बदलत जातो, आणि लेन आवाज न चढवता पुढचा प्रश्न विचारतात. भावाचे प्रकरण तर लेन यांना योगायोगाने कळते: ग्लासचा भाऊ स्टॅनफर्डला शिकतो, असे एक सहकारी सहज बोलून जातो आणि कंपनीच्या तथाकथित अधिकाऱ्याचा फोन त्याच भागातील पालो आल्टोच्या क्रमांकावरून आला होता हे लेन यांना आठवते.

बेथेस्डाचा तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला घाम फुटला होता, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय मराठी वृत्तपत्रांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मी ज्या दैनिकात होतो तिथे रविवारच्या पुरवणीत शहरातील जुन्या व्यवसायांवर एक लेखमाला चालू होती. लिहिणारा मुलगा पंचविशीचा, भाषा गोड, कचेरीत सर्वांचा आवडता. रात्रपाळीला कोणाचे पोर आजारी आहे हे त्याला ठाऊक असे, आणि पान लावून झाले की तो स्वतः खाली जाऊन सर्वांसाठी चहा सांगून येत असे. एका लेखात त्याने लक्ष्मी रस्त्यालगतच्या बोळातील एका वृद्ध घड्याळजीची भेट रंगवली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो रिक्षाने लक्ष्मी रस्त्यावर उतरला, दुकानात इतकी शांतता होती की भिंतीवरच्या बारा घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू येत होती, आणि म्हातारा म्हणाला की, आज पालख्या शहरात आल्या आहेत, आज मी कोणाकडून पैसे घेत नाही. सुंदर लेख होता. मी त्यातील एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला, मथळा दिला आणि पान सोडले.

चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. त्यावर बारीक, सरळ अक्षरांत असे होते: ‘पालखीच्या संध्याकाळी आपले प्रतिनिधी ज्या रिक्षाने लक्ष्मी रस्त्यावर आले तिच्या चालकाचे नाव कळवावे, म्हणजे त्याचा सत्कार करता येईल. मी याच रस्त्यावर चाळीस वर्षे राहतो. त्या दिवशी मला स्वतःच्या जिन्यावरून खाली उतरता येत नाही. शांततेबद्दल तर काय बोलावे!’

पुण्यात ज्याचा जन्म गेला त्याला यावर वेगळे भाष्य नको. पालख्या फर्ग्युसन रस्त्याने येऊन लक्ष्मी रस्त्यावरून नाना पेठ आणि भवानी पेठेकडे जातात, त्या संध्याकाळी तिथे वाहन सोडा, मुंगीला शिरायला जागा नसते, आणि टाळ-मृदंगाच्या गजरात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. मीही याच शहरात वाढलो. तरीही तो मजकूर माझ्या डोळ्यांखालून गेला, कारण माझे डोळे ऱ्हस्व-दीर्घ शोधत होते आणि लेख मला आवडला होता. मी त्या मुलाला बोलावले. तो ओशाळून म्हणाला, ‘सर, भेट आदल्या दिवशी झाली, लिहिताना दिवसाची गफलत झाली.’ मी म्हटले, ‘पुढच्या वेळी जपून.’ मायकेल केलींनी फ्रिजपाशी केला तो तपास मी रिक्षापाशी केला. त्या म्हाताऱ्याच्या दुकानाचा पत्ता विचारण्याचे मला सुचले नाही.

तेव्हा मराठीत असे होऊ शकते का? होते, आणि होत आले आहे. आपल्याकडे तथ्य तपासनीस नावाचे पद कधीच नव्हते. ते काम निम्मे उपसंपादक करीत आणि निम्मे मुद्रितशोधक, कारण मुद्रितशोधकांत शहराचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेले खोडकर म्हातारे असत आणि ते प्रुफाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढून ठेवत. संगणक आले तशी मुद्रितशोधकांची पदे गेली, आणि आता मजकूर बातमीदाराच्या हातून थेट पानावर जातो. तालुक्याच्या वार्ताहराला मजकुराच्या लांबीवर तुटपुंजे मानधन मिळते, तेव्हा त्याने कचेरीत बसूनच बातमी केली तर त्याला एकट्याला दोष देणे मला जमत नाही. याच्या जोडीला ‘सूत्रांनी सांगितले’ हे आपले आवडते वाक्य आहेच. सूत्र कोण हे वाचकाला सांगू नये, हे मान्य. पण ते संपादकालाही ठाऊक नसेल तर छापू नये, हा नियम मी स्वतः किती वेळा मोडला हे मोजण्यात अर्थ नाही.

पुण्याला तर हा धडा फार लवकर, आणि फार कडू रीतीने, मिळाला होता. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि सुमारे दीड वर्षात त्याचे चालक तुरुंगात होते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे शिवाजी महाराजांचा, म्हणजे तिथल्या तरुण छत्रपतींचा, छळ करीत आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी हाती आलेल्या पत्रांच्या आधारे केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली, टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची साधी कैद झालीच. ऑक्टोबर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी ते सुटले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. आपण हा प्रसंग देशभक्तीच्या धड्यात शिकवतो, आणि ते चुकीचे नाही. पण संपादनाच्या वर्गातही तो शिकवायला हवा. दोघेही पंचविशीतले, दोघांचाही हेतू स्वच्छ, आणि पत्रांतील मजकूर त्यांना आधीपासून खराच वाटत होता. ग्लासच्या प्रकरणात खोटेपणा घरातून आला, इथे तो बाहेरून आला. कागद हाती देणाऱ्या माणसावरचा विश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच होता.

मग करावे काय, असे विद्यार्थिनी विचारील. मी एवढेच करायला शिकवतो: बातमीतील एक तरी गोष्ट अशी निवडायची की जिचा धागा बातमीदाराच्या हातातून जात नाही, आणि ती स्वतः तपासायची. त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करायचा नाही, क्रमांक आपण शोधायचा. त्याने सांगितलेल्या माणसाला विचारायचे नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारायचे. लेन यांना शेवटी सापडले ते इमारतीच्या रविवारच्या सुट्टीतून आणि उपाहारगृहाच्या वेळेतून, कारण या दोन गोष्टी ग्लासला घडवता आल्या नव्हत्या. माणूस संवाद रचतो, पात्रे रचतो, कंपनीचे बोधचिन्हही रचतो. वार, वेळ, रस्ता, पाऊस आणि बसचा मार्ग त्याच्या हातात नसतात, आणि घाईत तो तिथेच फसतो. दुसरे असे की, हा प्रश्न आवडत्या माणसाला आधी विचारायचा. नावडत्याला आपण विचारतोच.

चित्रपटात उणिवा आहेत. ग्लासची पाठराखण करणारी केटलिन ही सहकारी काल्पनिक पात्र आहे, आणि ‘फोर्ब्स’मधील पेनेनबर्गची जोडीदारही तशीच. हेडन क्रिस्टेन्सनचा ग्लास काही जणांना फार लाडावलेला वाटतो, पण मी असली माणसे पाहिली आहेत, म्हणून मला तो पटला. शेवटी सहकारी बैठकीत जमून लेन यांना टाळ्या देतात, तो प्रसंग मात्र मला अतिगोड वाटतो. कोणत्याही वृत्तपत्रात लोक इतक्या लवकर आपली चूक कबूल करीत नाहीत.

साप्ताहिकाने पुढे जे केले ते मात्र पडद्याबाहेरही खरे आहे. त्यांनी ग्लासचे सगळे ४१ लेख काढून तपासले, त्यांतील २७ पूर्णतः किंवा अंशतः रचलेले आढळले, आणि त्यांनी तसे वाचकांना सांगितले. ग्लासने नंतर कायद्याची पदवी घेतली, पण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्याला वकिलीची सनद नाकारली. लेन पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये गेले. केली एप्रिल २००३ मध्ये इराक युद्धाचे वार्तांकन करताना अपघातात मरण पावले. चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला.

आम्ही काय केले तेही सांगतो. दोन महिन्यांनी त्या मुलाच्या दुसऱ्या एका लेखावर पुन्हा पत्र आले, तेव्हा मी एका दुपारी लक्ष्मी रस्त्यावर गेलो आणि त्याने वर्णन केलेल्या बोळाच्या दोन्ही बाजू पायी पालथ्या घातल्या. घड्याळजी नव्हता, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या आठवणीत कधी नव्हताही. लेखमाला बंद झाली, मुलाला ‘दुसरीकडे पाहा’ असे सांगण्यात आले, तो दुसऱ्या वृत्तपत्रात लागला. खुलासा छापावा असे मी एकदा बैठकीत म्हणालो, कशाला उगाच शोभा, असे उत्तर मिळाले, आणि मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. त्याचे आधीचे १९ लेख आम्ही कोणीही तपासले नाहीत. ते पुरवणीच्या बांधीव फायलींत तसेच आहेत.

गेल्या वर्षी एक संशोधक बाई पुण्यातील जुन्या कारागिरांवरच्या प्रबंधाचे टंकलिखित माझ्याकडे वाचायला घेऊन आल्या. तिसऱ्या प्रकरणात तो घड्याळजी होता, बारा घड्याळांसह, तारीख आणि पृष्ठक्रमांक देऊन. पोस्टकार्ड मी टाकलेले नव्हते. त्याची छायाप्रत काढून मी त्या पानाला टाचणी लावून दिली.